गुळवेलीच्या काढ्यानं लिव्हरला सूज येऊ शकते का?

आईला तीन महिने रोज गुळवेलीचा काढा चालू आहे, आता एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) ३१० आलंय, आणि घरचे म्हणतात झाडपाल्याचं औषध बाधत नसतं, असं तुम्ही लिहिलंय. बाधतं. सगळ्यांना नाही, पण ज्याला बाधतं त्याला चांगलंच बाधतं.

मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही. पण कावीळ झालेल्या माणसाचं रक्त मशीनमध्ये फिरवून काढलं की वरचं पाणी हळदीसारखं पिवळंजर्द दिसतं, आणि त्या माणसाला 'काही औषध चालू आहे का?' विचारलं की उत्तर येतं, 'नाही हो, नुसता काढा.' काढा हे औषधच आहे, हे डोक्यात येतच नाही.

कोविडच्या काळात घरोघरी गुळवेल उकळत होती. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद छापली. पुढं देशभरातल्या केंद्रांतून आणखी बरेच सापडले. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखं बऱ्याच जणांचं चित्र होतं. म्हणून आईंना थायरॉईड किंवा प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून होणारा दुसरा जुना आजार असेल तर डॉक्टरांना आधी तो सांगा. आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की दुसऱ्याच जातीची वेल वापरली गेली असेल. असेलही. पण मंडईत जुडी घेताना ती कुठली वेल आहे हे कोण बघतंय?

काढा आजच बंद करा. मात्र सगळा दोष त्याच्यावर टाकून मोकळं होऊ नका. आपल्याकडं पाण्यातून येणारी कावीळ काही नवी नाही, २०१२ ला इचलकरंजीत दूषित पाण्यामुळं काविळीची साथ आली होती, ते आठवा. हिपॅटायटीस ए, बी, सी, ई सगळ्या तपासण्या करून घ्या.

बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात वाढणारा पिवळा घटक, किती आलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि खरी मेख तिथंच आहे. औषधामुळं एसजीपीटी नॉर्मलच्या तिपटीच्या वर जाऊन सोबत बिलिरुबिनही दुपटीच्या वर गेलं, तर साधारण दहातला एक जण दगावतो किंवा त्याला यकृत बदलावं लागतं. म्हणून पोटाच्या डॉक्टरांकडं उद्याच जा, पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) करायला सांगा, आणि उरलेली गुळवेल किंवा पावडरचं पाकीट फेकून न देता सोबत न्या. वर आणि गावाकडचं 'काविळीचं औषध' तर अजिबात देऊ नका. आई झोपाळू झाल्या, असंबद्ध बोलायला लागल्या तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच ॲडमिट करा.