टीममधून नाव गेलं आणि पोरगी ग्राउंडवर जायलाच तयार नाही

मी समुपदेशक आहे, शालेय स्पर्धांच्या टीम निवडायचे दिवस आले की माझ्याकडे ठरलेले फोन सुरू होतात. "मॅडम, रिलेतून नाव काढलं तेव्हापासून धड बोलत नाही, बूट कुणाला तरी देऊन टाक म्हणते." कधी रिले असते कधी क्रॉसकंट्री, बाकी सगळं तेच. म्हणून एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

नववीतली मुलगी. आठवीत १४ वर्षांखालच्या ४ बाय १०० रिलेत होती, जिल्ह्यापर्यंत जाऊन आलेली. यंदा नाव नाही, आणि ते कळलं कसं, तर व्हॉट्सॲप ग्रुपमधून रिमूव्ह झाल्यावर. (सर लोकांनो, दोन मिनिटं बोलत जा हो पोरांशी.) आईला खेळामुळे मिळणाऱ्या दहावीच्या ग्रेस मार्कांची काळजी, आणि बाबांनी त्याच संध्याकाळी अविनाश साबळेचं उदाहरण दिलेलं. उदाहरण खरंच आहे, बीड जिल्ह्यातला हा मुलगा सैन्यात गेल्यावर ॲथलेटिक्सकडे वळला आणि २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत पळायच्या शर्यतीचं, सिल्व्हर घेऊन आला. पण त्या रात्री पोरीला एवढंच कळलं की माझं रडणं यांना नकोय.

सुरुवातीच्या भेटी "मी स्लो झालेय, वाया गेलेय" यातच गेल्या. ग्राउंडवर टायमिंग वहीत लिहायची सवय होती तिला, मी ती वही आणायला सांगितली.

"मागच्या वर्षी १०० मीटर किती?"

"चौदा पॉइंट नऊ."

"आणि आता?"

"चौदा पॉइंट पाच."

"मग स्लो कोण झालं?"

इथंच थांबायचा मोह होतो, पोरगी हसत घरी जाते आणि चार दिवसांनी परत तशीच. मी पुढं काही बोलले नाही, वाट बघितली. मग ती म्हणाली, "मग तर जास्तच वाईट ना मॅडम, फास्ट होऊनपण मी पुरले नाही." आणि पहिल्यांदा मनापासून रडली.

मी समजूत काढली नाही, कारण ती म्हणत होती ते खरं होतं. १७ खालच्या गटात गेलं की दहावीच्या मुलींशी गाठ, त्या सरळ तिच्यापेक्षा फास्ट होत्या. त्यात या वयात मुलींची उंची, वजन, अंगाची ठेवण सगळं बदलत असतं, टायमिंग काही महिने अडकूही शकतं, हिचं तर सुधारलेलं.

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या वळणाची आहे, वाईट वाटणं काढून टाकायच्या मागे मी लागत नाही, स्वतःला दिलेली शिक्षा तेवढी तपासते. म्हटलं, "नाव नाही याचं वाईट वाटणारच, वाटू दे. पण तू वाया गेलीस हा निकाल कुणी दिला?" बराच वेळ गेला, मग म्हणते, "सरांनी नाही दिला. त्यांनी फक्त सहा नावं लिहिली." हे वाक्य मी तिच्या तोंडात घातलेलं नाही, इतक्या वर्षांत मोठ्या माणसांकडूनसुद्धा इतकं स्वच्छ ऐकलेलं आठवत नाही मला.

पालकांना माझं सांगणं, सरांना तुम्ही फोन करू नका. चार-आठ दिवस जाऊ देत, मग मुलीलाच जाऊन विचारू दे, किती टायमिंग लागेल आणि दुसरा कुठला इव्हेंट जमेल का. हिने विचारलं, सर म्हणाले ४०० करून बघ, सध्या करतेय, सिलेक्शन होईल न होईल. रोजचं पळणं मात्र बंद करू देऊ नका, टीम नसली तरी ग्राउंड असतंच की, नाहीतर घराजवळचा रस्ता. जुन्या टीमच्या मैत्रिणींना घरी बोलवा, ग्रुपमधून काढलं म्हणजे मैत्री तुटली असं पोरं धरून बसतात. ग्रेस मार्कांचा विषय मात्र या महिन्यात काढूच नका.

आणि एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. वजन उतरलं की स्पीड वाढेल म्हणून कितीतरी मुली गुपचूप पोळी-भात सोडतात. जेवण कमी झालंय, पाळी चुकतेय, सारखी दमतेय असं दिसलं तर माझ्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, आधी डॉक्टरकडे न्या.