प्रायापस हा ग्रीक देव नेमका कशाचा होता?
बागा, द्राक्षमळे, मधमाश्या आणि शेळ्यामेंढ्या यांचा राखणदार, आणि सुफलनाचा देव. मूळ ठाणं हेलेस्पाँट या सामुद्रधुनीच्या काठावरचं लॅम्पसॅकस, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं लाप्सेकी. आईबाप बहुतेक कथांत प्रेमदेवता अ‍ॅफ्रोडायटी आणि मद्याचा देव डायोनायसस. पण याला भव्य देवळं वगैरे फारशी नाहीत. ओबडधोबड लाकडी मूर्ती, लाल रंग फासलेली, हातात कोयता आणि अवाढव्य ताठ लिंग. ती बागेत रोवायची. चोरांना धमकी आणि पाखरांना बुजगावणं, दोन्ही कामं एकातच! रोमन लोकांनी तर त्याच्यावर चावट कविताच रचल्या. पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरातल्या वेट्टींच्या घराच्या दारातच तो आपलं लिंग तराजूत पैशांच्या थैलीसमोर तोलताना रंगवलाय. वैद्यकातला ‘प्रायापिझम’ (लिंग बराच वेळ ताठच राहण्याचा विकार) हा शब्दही याच्याच नावावरून आला.