वकील मॅनेज झालेत की नुसते ढिले? आधी रोजनामा काढा

ताई, भाऊ फसवणुकीच्या गुन्ह्यात आठ महिने आत, वकील दर तारखेचे पैसे घेतात पण फोन उचलत नाहीत, म्हणजे ते समोरच्या पार्टीला मॅनेज झालेत, असं तुम्ही लिहिलंय. माझी सगळी नोकरी मॅजिस्ट्रेट कोर्टात बेंच क्लार्क म्हणून झाली. मॅनेज झालेले वकील असतात. पण त्याहून जास्त पाहिले ते एकाच सकाळी तीन कोर्टांत पुकारा होणारे आणि तिन्हीकडे ज्युनिअर पाठवणारे.

आधी रोजनाम्याच्या, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्या नोंदीच्या, नकलेसाठी अर्ज करा. ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) टाकून पुढची तारीख कळेल, पण ती का पडली हे रोजनाम्यात सापडतं. 'आरोपीस जेलमधून हजर केले नाही.' 'साक्षीदार गैरहजर.' 'मे. न्यायाधीश रजेवर.' 'आरोपीतर्फे मुदतीचा अर्ज, मंजूर.' यातली शेवटची नोंद तेवढी तुमच्या वकिलांच्या खात्यावर. आरोपीला जेलमधून आणायला एस्कॉर्टचे पोलीसच मिळाले नाहीत, तर त्यात बिचारा वकील काय करणार?

एका गोष्टीत मात्र तुमचा राग शंभर टक्के रास्त आहे. चार्जशीट सत्तराव्या दिवशी आलं म्हणता. फसवणुकीच्या कलमाला, भारतीय न्याय संहितेच्या ३१८(४)ला, जास्तीत जास्त सात वर्षं शिक्षा, म्हणजे चार्जशीटची मुदत पहिल्या रिमांडपासून (कोर्टानं कोठडी दिल्यापासून) ६० दिवसांची. एकसष्टाव्या दिवशी अर्ज टाकला असता तर जामीन हक्कानं मिळत होता. चार्जशीट येऊन पडल्यावर तो हक्क गेला. याला ढिलाईशिवाय दुसरं नाव नाही. पण चार्जशीटनंतर नियमित जामिनाचा अर्ज नव्यानं करता येतो, मॅजिस्ट्रेटनं फेटाळला तर सेशन कोर्टात. पहिलाच गुन्हा असेल आणि दुसरी केस नसेल, तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ, म्हणजे इथे दोन वर्षं चार महिने, आत काढल्यावर बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ४७९चा जामिनासाठी आधार मिळतो. तेवढी वाट बघत बसू नका.

वकील बदलायचा तर आधीच्या वकिलांकडून एनओसी (ना हरकत पत्र) मागा. 'आधी बाकी फी द्या, मग फाईल' असं म्हणाले तर घाबरू नका. फीसाठी पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टानं २०००मध्येच सांगितलंय. पैसे संपले असतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता वकील मिळतो, अर्ज जेलमधूनही होतो. फुकटचा वकील कामाचा नसतो असं लोक म्हणतात. मी दोन्ही प्रकारचे पाहिलेत. पैसे मोजलेल्यांतही दोन्ही प्रकार होतेच.

बार कौन्सिलकडे तक्रार जरूर करा, पण जामीन झाल्यावर. तिथेही तारखाच असतात. वकिलांविरुद्ध ग्राहक मंचाचा रस्ता सुप्रीम कोर्टाच्या २०२४च्या निकालानं बंद झालाय, तिकडे हेलपाटे घालू नका.