यूकेत न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये यायचंय? आधी रजिस्टर ठरवा

तुमचा प्रश्न असा आहे: मुंबईत न्यूक्लिअर मेडिसिनचा, म्हणजे किरणोत्सारी औषध देऊन स्कॅन करण्याच्या विषयाचा, डिप्लोमा झालाय, गॅमा कॅमेरा आणि पेट-सीटीवर चार वर्षं काम केलंय, आता यूकेला यायचंय, तर थेट एचसीपीसीकडे (यूकेत आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी करणारी संस्था) अर्ज करू का?

इतक्यात करू नका. अर्जाची फी परत मिळत नाही. एचसीपीसीकडे न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्टचं वेगळं रजिस्टरच नाही. तिथे आहे डायग्नॉस्टिक रेडिओग्राफर, आणि तुमचा अभ्यासक्रम त्याच मापाने तपासला जातो: साधे एक्स-रे, फ्लुरोस्कोपी, सीटी. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरचा डीएमआरआयटी हा न्यूक्लिअर मेडिसिनचा डिप्लोमा आपल्या विषयात कितीही पक्का असला, तरी साध्या एक्स-रेचं पोझिशनिंग हा त्याचा विषय नाही. अर्ज अडतो तो तिथे. आधी रेडिओग्राफीची पदवी आणि मग न्यूक्लिअर मेडिसिन असा तुमचा क्रम असेल, तर मात्र एचसीपीसीच योग्य. त्यासाठी आयईएलटीएस अकॅडमिकमध्ये एकूण 7 आणि कुठल्याही भागात 6.5 च्या खाली नाही, असं हवं.

बाकीच्यांसाठी रजिस्टर ऑफ क्लिनिकल टेक्नॉलॉजिस्ट्स, म्हणजे आरसीटी. कायद्याने ते ऐच्छिक आहे, पण एनएचएसच्या (यूकेची सरकारी आरोग्यसेवा) नोकरीच्या जाहिरातींत 'एचसीपीसी किंवा आरसीटी' असं बरेचदा लिहिलेलं असतं. परदेशी प्रशिक्षण असेल तर समकक्षता कागदांवर सिद्ध करावी लागते, आणि ते कागद नोकरी सोडण्याआधीच जमवा: विषयवार तासांसह अभ्यासक्रम, केलेल्या स्कॅनचं प्रकारवार लॉगबुक, कॅमेऱ्याची रोजची युनिफॉर्मिटी आणि डोस कॅलिब्रेटरची (डोस मोजायचं यंत्र) कॉन्स्टन्सी या चाचण्या तुम्ही स्वतः केल्याच्या नोंदी, विभागप्रमुखांच्या सहीचं सविस्तर पत्र. 'यांनी आमच्याकडे काम केले' एवढ्या दोन ओळींच्या पत्राचा काहीच उपयोग होत नाही.

व्हिसाचं कोडं वेगळं. जुलै 2025 पासून कुशल कामगाराच्या व्हिसासाठी बहुतेक कामं पदवीच्या पातळीची लागतात. रेडिओग्राफर आणि टेक्निशियन यांचे व्यवसाय-कोड वेगळे असतात, त्यामुळे पदाचं नाव बघून खूश होऊ नका. स्पॉन्सरशिप कुठल्या कोडवर देणार, हे ऑफर स्वीकारण्याआधी एचआरकडून ईमेलवर लिहून घ्या.

मुलाखतीची तयारी कामातूनच होते. इथे डोसचा किरणोत्सार मिलिक्युरीत कुणी बोलत नाही, सगळं मेगाबेक्वेरेलमध्ये. 1 मिलिक्युरी म्हणजे 37. प्रौढांच्या साध्या बोन स्कॅनला 600 मेगाबेक्वेरेल हा नेहमीचा आकडा, आपल्या 20 मिलिक्युरीपेक्षा (740) कमी. सकाळी 8 ला सिरिंज भरून 10 ला टोचायची असेल, तर स्कॅनला वापरतात त्या किरणोत्सारी टेक्नेशियमचं अर्धआयुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ) 6 तास धरून सुमारे 755 भरावे लागतात. हे गणित कागदावर जमलंच पाहिजे.

दुसरा प्रश्न हमखास येतो: बोन स्कॅनमध्ये थायरॉइड आणि जठर उजळ दिसतंय, का? औषध बनवायच्या किटच्या व्हायलमध्ये हवा शिरली, टेक्नेशियम बांधायला लागणारं स्टॅनस टिन ऑक्सिडाइझ झालं, म्हणून टेक्नेशियम एमडीपीला (हाडांकडे जाणारं औषध) पूर्ण बांधलं गेलं नाही आणि मोकळं परटेक्नेटेट, म्हणजे न बांधलेलं टेक्नेशियम, तिथे साठलं. पण उत्तर इथे थांबवू नका. त्या व्हायलची रेडिओकेमिकल शुद्धता (किती टेक्नेशियम नीट बांधलं गेलंय) पुन्हा तपासायची, त्याच व्हायलमधून आणखी कुणाला डोस दिलाय ते शोधायचं आणि रेडिओफार्मसीला कळवायचं, हेही सांगा. पॅनेल खरं तर तेच ऐकायला बसलेलं असतं.

कायद्याच्या बाजूने आयआर(एमई)आर 2017, म्हणजे रुग्णांवरच्या किरणोत्साराच्या वापराचे नियम, वाचून या. त्यात तुम्ही 'ऑपरेटर' ठरता. हाताला सवय आहे म्हणून स्पेक्ट-सीटीचा (गॅमा कॅमेरा आणि सीटी एकत्र असलेलं यंत्र) सीटी भाग चालवता येत नाही. त्या कामाचं प्रशिक्षण आणि लेखी अधिकार आधी हवा. नाव, जन्मतारीख, पत्ता रुग्णाच्या तोंडून वदवून घ्यायचे. 'तुम्ही अमुकच ना?' असं विचारलं की घाबरलेला माणूस हो म्हणतो, आणि डोस भलत्यालाच जातो.

शेवटचा कागद बहुतेकजण विसरतात: टीएलडीची, म्हणजे अंगावर लावायच्या किरणोत्सार मोजणाऱ्या बॅजची, डोस नोंद. वर्षाच्या मध्यात नोकरी बदलली तर त्या वर्षात भारतात मिळालेला डोसही 20 मिलिसिव्हर्टच्या मर्यादेत धरावा लागतो. विभागाच्या आरएसओकडून (किरणोत्सार सुरक्षा अधिकारी) सही-शिक्क्याची प्रत घेऊनच निघा.