ऑपरेशन झालं, तरी लेकरू घरघर का करायलंय?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझी मुलगी साडेतीन महिन्यांची आहे. जन्मली तेव्हाच तोंडाला फेस यायला लागला, पहिलं दूध पाजलं तर ठसका लागून निळी पडली. नाकातून नळी टाकून बघितलं तर नळी पुढं जाईना, अन्ननळी मधीच बंद आणि खालचा तुकडा श्वासनळीला चिकटलेला निघाला. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं, २२ दिवस काचेच्या पेटीत होती. आता वजन वाढायलंय पण खोकला बघा कसा, कुत्रं भुंकल्यावानी, आणि रडली की घरघर. सासूबाई म्हणायल्यात ऑपरेशन फसलं. गावातल्या डॉक्टरनं दम्याची वाफ दिली, फरक नाही. शेजारीण तर म्हणते गिऱ्हाणात काहीतरी चिरलं असशील. रात्र रात्र झोप नाही मला. – एक आई, ता. कंधार

उत्तर : ताई, आधी ते गिऱ्हाणाचं निपटवू. गर्भात अन्ननळी आणि श्वासनळी सुरुवातीला एकच नळी असते, चौथ्या आठवड्यापासून पुढच्या दोनेक आठवड्यांत तिच्या दोन होतात, त्या वेगळं होण्यातच काहीतरी राहून जातं. तेव्हा तर दिवस गेलेत हेसुद्धा पुष्कळ बायकांच्या नीट ध्यानात आलेलं नसतं. विळी हातात धरली काय न धरली काय, ह्याच्याशी काही संबंध नाही, शेजारणीला सांगा मॅडमनं लिहिलंय म्हणून. साधारण ३ ते ४ हजार बाळांत एकाला हे होतं. १९४१ साली अमेरिकेत कॅमेरॉन हाइट नावाच्या सर्जननं एकाच ऑपरेशनमध्ये अशी अन्ननळी जोडून बाळ वाचवलं, त्याच्या आधी बहुतेक लेकरं जातच होती.

आता घरघर. श्वासनळी उघडी राहते ती कुर्चेच्या कड्यांमुळं, आपल्या कानाच्या वरच्या भागासारखं लवचिक हाड म्हणा. जिथं अन्ननळी चिकटलेली होती तिथल्या कड्या ह्या लेकरांच्या जन्मतःच मऊ असतात. उन्हानं मऊ पडलेला पाण्याच्या मोटारीचा सक्शन पाईप कसा मधीच दबतो, तसं बाळ रडलं-खोकलं की नळीच्या भिंती एकमेकीला टेकतात आणि तो भुंकल्यासारखा आवाज निघतो. ट्रॅकिओमलेशिया म्हणतात ह्याला. ऑपरेशन फसलं असा ह्याचा अर्थ नाही, ही कमजोरी आधीचीच आहे. दीड-दोन वर्षांत कड्या घट्ट व्हायला लागतात तशी घरघर कमी होते, खोकल्याचा तो आवाज मात्र पुढंही बरीच वर्षं राहू शकतो. फार थोड्या लेकरांना त्यासाठी परत ऑपरेशन लागतं. आणि दम्याच्या वाफेनं अशी मऊ नळी काही वेळा आणखीच ढिली पडते, म्हणून कुठल्याही डॉक्टरकडं जाताना ऑपरेशनची फाईल पिशवीत पाहिजेच, नुसतं "खोकला आहे" म्हणू नका.

आवाजाला एवढं घाबरू नका, श्वास घ्यायला बाळाला किती मेहनत पडायलीय ते बघा. शांत झोपलेली असताना मोबाईलचं घड्याळ लावून पूर्ण १ मिनिट श्वास मोजा. ह्या वयात ५० किंवा जास्त भरले, बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, पोट उडायलंय, नाकपुड्या फुलायल्यात, कण्हायलीय, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ओठ किंवा जीभ निळी पडली, अंग ढिलं सोडलं, तर दूध लगेच थांबवा आणि १०८ लावा, सासरच्यांची परवानगी मागत बसू नका.

दुधाकडं पण लक्ष ठेवा. दर वेळी पाजतानाच ठसका आणि मागोमाग न्यूमोनिया असं होत असेल तर अन्ननळी आणि श्वासनळीमधली ती जुनी वाट परत उघडली का हे बघावं लागतं. दूध प्यायला फार वेळ लागतो, तोंडातून परत येतं, लाळ गळत राहते, तर टाक्याची जागा आवळली असेल, ती फुग्यानं रुंद करता येते. दोन्हीसाठी औषध पाजून एक्सरे काढतात. थोडं थोडं पाजा, डोकं वर धरून, नंतर अर्धा तास खांद्यावर.

आणि एक, पत्रात तुम्ही लिहिलं नाही पण मी इथलीच आहे, मला माहीत आहे. अंघोळीनंतर नाकात तेल सोडणं आणि ओव्याची धुरी, दोन्ही बंद म्हणजे बंद! तेल सरळ फुप्फुसात उतरतं, धुरानं मऊ नळी सुजते. मालीश करणाऱ्या मावशीला वाईट वाटलं तर वाटू द्या.

प्रश्न : भाच्याच्या छाती-पोटामधल्या पडद्याला जन्मतः भोक होतं, आतडी छातीत गेली होती. डॉक्टरांनी चार दिवस ऑपरेशनच केलं नाही आणि आता करूनही घरी ऑक्सिजन लावायला सांगितलाय. हयगय झाली का? – एक मामा, जिंतूर

उत्तर : नाही हो मामा. पूर्वी जन्मल्या जन्मल्या घाईनं करायचे, आता आधी श्वास आणि रक्तदाब स्थिर होऊ देतात, कारण खरा घोर भोकाचा नसतो, फुप्फुसाचा असतो. पोटात असतानाच आतड्यांनी जागा अडवल्यामुळं फुप्फुस लहान राहतं आणि त्यातल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. ऑपरेशननं आतडी खाली आली, भोक बुजलं, पण फुप्फुस काही त्या दिवशी मोठं होत नाही. नवे वायुकोश पहिली दोन-तीन वर्षं तयार होत राहतात, तोवर काही लेकरांना ऑक्सिजनचा आधार लागतो. न्यूमोनियाची पीसीव्ही लस सरकारी दवाखान्यात फुकट आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि ९ महिने, एकही चुकवू नका. ऑक्सिजनच्या मशीनजवळ चूल, अगरबत्ती, बिडी काही नको, आणि तुमच्याकडं लाईट किती वेळ जाते ते तुम्हालाच ठाऊक, म्हणून एक भरलेला सिलिंडर घरात ठेवाच.