३० दिवसांचं घरच्या जेवणाचं चॅलेंज दुसऱ्या आठवड्यातच का मोडतं? आणि विशीतल्या स्वप्नांच्या यादीचं काय करायचं?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय की "३० दिवस फक्त घरचं जेवण" हे चॅलेंज दोनदा घेतलं. दोन्ही वेळा रविवारी बसून आठवड्याच्या २१ जेवणांचा तक्ता केला आणि दोन्ही वेळा नवव्या-दहाव्या दिवशी बाहेरून मागवून सगळं सोडून दिलं. मधेच जुन्या वहीत विशीत लिहिलेली स्वप्नांची यादी सापडली. पुढचं चॅलेंज तिच्यावरच घ्यावं का, असं विचारताय.

घोळ त्या २१ चौकटींच्या तक्त्यात आहे. तक्ता करताना माणूस निवांत असतो. झोप झालेली, पोट भरलेलं, हातात चहा. तो तक्ता राबवायचा असतो बुधवारी रात्री आठला, दमून घरी आलेल्या माणसाला, आणि त्याला त्यात कुणी विचारलेलंच नसतं. हे वाक्य लक्षात ठेवा, वहीतल्या यादीपाशी पुन्हा लागेल.

आधी चॅलेंजचा नियम बदला. सवय लागायला २१ दिवस लागतात ही समजूत मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या लिखाणातून पसरली. रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवसांच्या आसपास लागतात, एवढंच त्याचं निरीक्षण होतं. पुढे "किमान" गळालं आणि चेहराही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या खाण्या-पिण्याच्या आणि व्यायामाच्या सवयी १२ आठवडे मोजल्या. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण पल्ला १८ ते २५४ दिवसांचा होता. (१२ आठवड्यांच्या अभ्यासात २५४ कुठून आले? वक्ररेषा गणिताने पुढे वाढवून.) तुमच्या कामाचा निष्कर्ष वेगळाच आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही.

म्हणजे दहाव्या दिवशी मागवलेल्या जेवणाने तुमचं काहीच बिघडलं नव्हतं. बिघडवलं ते "सलग ३०" या अटीने. हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांच्या १९७५ मधल्या प्रयोगात, डाएटवाल्यांना आधी मिल्कशेक पाजला तर त्यांनी नंतर आइस्क्रीम कमी न खाता उलट जास्त खाल्लं. मोडलंच आहे, तर आता कशाला आवरायचं! सलगतेचं प्रत्येक चॅलेंज हा खड्डा स्वतःच खणून ठेवतं. म्हणून अट अशी ठेवा: ३० पैकी २२ रात्री घरचं, आणि लागोपाठ दोन रात्री बाहेरचं नाही. मोजायचं फक्त रात्रीचं जेवण. नाश्ता आणि दुपार चॅलेंजच्या बाहेर, कारण ती जेवणं बहुतेक घरांत आधीच ठरल्यासारखी असतात. तक्ता करून तिथे काही वाचत नाही.

आता नियोजन. पहिल्या आठवड्यात काही ठरवू नका, फक्त नोंद करा: रोज रात्री घरी किती वाजता पोचलात, काय खाल्लं, काय फेकलं. सात ओळी पुरतात. त्यावरून कळतं की आठवड्यातल्या नेमक्या कोणत्या संध्याकाळी तुमच्यात स्वयंपाकाचं बळ उरतं. बहुतेकांकडे अशा तीन ते चारच निघतात. सात पदार्थ ठरवणं म्हणजे उरलेल्या तीन दिवसांशी खोटं बोलणं.

म्हणून आठवड्याची मांडणी ४ + २ + १ अशी करा. चार रात्री प्रत्यक्ष स्वयंपाक. त्यातल्या दोन वेळा दुप्पट प्रमाणात, म्हणजे दोन रात्री नुसतं गरम करायचं. आणि एक रात्र मोकळी, तिथे बाहेरचं, पाहुणे किंवा उरलंसुरलं, काहीही चालेल. मोकळी रात्र कागदावर आधीच असली की ती वापरणं म्हणजे हार नव्हे.

पदार्थ ठरवण्याआधी फ्रिज उघडा. उलट क्रम ही दुसरी मोठी चूक: पदार्थ आधी ठरवले की बाजाराची यादी लांबते आणि घरातलं कुजतं. जे आधी खराब होणार त्यावर पहिल्या दोन रात्री बेतायच्या. पालेभाज्या, मशरूम, कोथिंबिरीसारखी पानं पहिल्या दोन दिवसांत. फ्लॉवर, शेंगा, वांगी, ढोबळी मिरची मधल्या दिवसांत. कोबी, गाजर, भोपळा, बटाटे शेवटी. पालेभाजी सफरचंद आणि पिकलेल्या केळ्यांपासून लांब ठेवा. त्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि पानं लवकर पिवळी पडतात. कांदे-बटाटेही एकाच टोपलीत नकोत.

प्रमाण अंदाजाने घेतलं तर एक तर उरतं, नाही तर पुरत नाही, म्हणून दोन आठवडे तरी वजन करा. एका मोठ्या माणसाच्या एका जेवणाला कोरडे तांदूळ ७५ ग्रॅम, कोरडी डाळ किंवा कडधान्य ६० ग्रॅम आणि भाजी २०० ग्रॅम धरा. भाजीचा आकडा हवेतला नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते आणि त्यात बटाटा धरत नाही, त्यातला निम्मा वाटा रात्रीच्या जेवणाचा. चार माणसांना एका रात्री ३०० ग्रॅम तांदूळ, २४० ग्रॅम डाळ, ८०० ग्रॅम भाजी. सहा रात्रींची भाजीच पावणेपाच किलोच्या वर जाते! एका फेरीत ती आणणं आणि फ्रिजमध्ये मावणं दोन्ही अवघड, म्हणून पालेभाजीसाठी मधे एक छोटी फेरी ठेवा.

दुप्पट काय करायचं, यात लोक चुकतात. कडधान्यं, घट्ट सूप, रस्सा, टोमॅटोचा मसाला हे दुप्पट करण्याजोगे. तळलेलं, पालेभाजी आणि भात नाही. प्रमाण दुप्पट केलं म्हणून पाणी दुप्पट लागत नाही, कारण वाफ भांड्याच्या तोंडाच्या रुंदीवर जाते. पाणी पावणेदोनपट घाला, कमी वाटलं तर वाढवा. मीठही आधी दीडपट घालून चव घ्या. बटाटा फ्रीझरमध्ये भुसभुशीत होतो, तो गरम करतानाच उकडून घालावा.

कडधान्य तर थेट अर्धा किलो एकदम शिजवा. रात्रभर भिजवून शिजवल्यावर ते सव्वा किलोच्या आसपास भरतं, म्हणजे पाव-पाव किलोची पाच पाकिटं. राजमा असेल तर एक गोष्ट काटेकोरपणे पाळा: भिजवलेलं पाणी फेकायचं आणि ताज्या पाण्यात निदान १० मिनिटं, खरं तर अर्धा तास, खळखळून उकळायचा. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये नष्ट होत नाही आणि उलट्यांनी माणूस बेजार होतो.

साठवणीत बिघडतं ते बहुधा पहिल्या दोन तासांत. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं, पण सगळं एकाच खोल पातेल्यात ठेवलं तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि जिवाणूंना तेच हवं असतं. ४-५ सेंटिमीटरपेक्षा जास्त थर होणार नाही अशा पसरट डब्यांत वाटून ठेवा. फ्रिज ४ अंशांवर किंवा खाली, फ्रीझर उणे १८. फ्रिजमधलं तीन-चार दिवसांत संपवा, आणि गरम करताना पूर्ण वाफा येईपर्यंत, मधून ढवळून. भाताचं प्रकरण वेगळं. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. भात तासाभरात गार करून फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी संपवा, नाही तर रोज ताजा लावा. तो तसाही वीस मिनिटांचं काम आहे.

फ्रीझरमध्ये पाकिटं आडवी, चपटी, दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची ठेवा. लवकर गोठतात, पुस्तकांसारखी उभी लावता येतात, आणि महत्त्वाचं म्हणजे विसरलात तरी तोडून थेट कढईत टाकता येतात. डब्याएवढा गोळा असेल तर आदल्या रात्रीच खाली फ्रिजमध्ये काढावा लागतो. माझ्या मते "घरात केलेलं असूनही मागवलं" याचं सगळ्यात मोठं कारण हा न वितळलेला गोळाच असतो. डब्यात भरलंच तर वर दोन बोटं जागा सोडा, पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. नाव आणि तारीख लिहिल्याशिवाय काहीही आत जाऊ देऊ नका. तीन आठवड्यांनी सगळे रस्से सारखेच दिसतात.

याशिवाय "शून्य जेवणं" तीन हवीत: पंधरा मिनिटांत होणारी आणि लवकर न नासणाऱ्या सामानातली. अंडी, गोठवलेले मटार, पास्ता, डबाबंद टोमॅटो, मसूर (न भिजवता वीसेक मिनिटांत शिजते, पण चालते). ही तक्त्यात लिहायची नाहीत, कपाटाच्या दारावर लिहायची. सामान वापरलं की त्याच क्षणी यादीत, नाही तर पुढच्या वेळी कपाट रिकामं सापडतं. नवी पाककृती आठवड्यात एकच, तीही सुट्टीच्या दिवशी. पाककृतीत लिहिलेल्या ३० मिनिटांत चिरणं-सोलणं बहुधा धरलेलं नसतं. आणि घरच्यांना "काय करू?" विचारू नका, तीन नावं सांगून "यातलं काय नको?" विचारा. उत्तर पटकन मिळतं.

आता वही. त्या यादीवर ३० दिवसांचं चॅलेंज घेऊ नका, असं मी म्हणेन. निदान लगेच तरी नको. यादी लिहिणारा विशीतला माणूस म्हणजे पुन्हा तोच रविवारचा नियोजक: मोकळा, ताजा, आणि राबवणाऱ्याला न विचारता ठरवणारा. क्वॉइडबाख, गिल्बर्ट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये १९ हजारांहून अधिक लोकांच्या उत्तरांतून दाखवलं की माणूस गेल्या दहा वर्षांत आपण खूप बदललो हे मान्य करतो, पण पुढच्या दहांत फारसे बदलणार नाही असं धरून चालतो, आणि हे सगळ्याच वयांत होतं. तुमच्या यादीची ती चूक तुमची एकट्याची नाही.

तरी वही फेकू नका. गिलोविच आणि मेडवेक यांनी नव्वदच्या दशकात पाहिलं की नजीकच्या काळात केलेल्या गोष्टी जास्त बोचतात, पण आयुष्याकडे मागे वळून पाहताना न केलेल्या. तेव्हा प्रत्येक ओळ घ्या आणि तिचे तीन तुकडे करा: काम, जागा, टाळ्या. "गायिका व्हायचं" यात गाणं हे काम, रंगमंच ही जागा, लोकांनी ओळखणं या टाळ्या. तिन्हींपैकी आज कशासाठी जीव तुटतो? निव्वळ टाळ्यांसाठी तुटत असेल तर ओळ खोडायला हरकत नाही. कामासाठी तुटत असेल तर त्याची चाचणी घेता येते.

चाचणी म्हणजे ४५ मिनिटांच्या चार बैठका, दोन आठवड्यांत. कधी? ज्या दोन रात्री नुसतं गरम करायचं आहे त्याच रात्री. स्वयंपाकाच्या रात्री ठेवलीत तर दोन्ही बुडतील. प्रत्येक बैठकीनंतर दोन आकडे लिहा: घड्याळाकडे कितीदा पाहिलं, आणि उद्या पुन्हा बसावंसं किती वाटतं, १ ते ५. पहिली बैठक मोजू नका. तिच्यात हात बसलेला नसतो आणि विशीतल्या स्वतःशी तुलना होऊन रडू येतं. उरलेल्या तिन्हींत दुसरा आकडा ४ च्या खाली गेला नाही तर ते स्वप्न पुढच्या महिन्याच्या चॅलेंजला लायक. चाचणी संपेपर्यंत वाद्य, कॅमेरा, रंगपेटी काहीही विकत घेऊ नका, उसनं आणा. आणि चारचौघांत जाहीर करू नका. अभिनंदन आधीच मिळालं की बसण्याची निकड कमी होते.

काही ओळी वयाने किंवा शरीराने खरोखर बंद झालेल्या असतील. त्यांना "बघू कधीतरी" मध्ये ठेवणं वाईट. कार्स्टन व्रॉश आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेलं निरीक्षण असं की अशक्य झालेलं ध्येय सोडू शकणारी आणि त्या जागी दुसरं धरू शकणारी माणसं जास्त समाधानी असतात. खोडताना शेजारी कामाचं क्रियापद लिहून ठेवा. धावपटू होता येणार नाही, धावता येईल.

एक शेवटची अडचण आत्ताच सांगते, कारण ती हमखास येते. गरम करायच्या रात्री घासायला भांडी कमी असतात असं वाटतं, पण आदल्या रात्रीच्या दुप्पट स्वयंपाकाची मोठी पातेली तशीच ओट्याजवळ उभी असतात आणि ती ४५ मिनिटं तीच खातात. ती कोण घासणार, हे रविवारी तक्त्यावर नावासकट लिहा.