प्रिंटमेकिंग म्हणजे छापखाना नव्हे

नमस्कार ताई,

नागपूरच्या मानेवाड्याहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी बारावी सायन्सला, इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ‘ए’ ग्रेड, आणि आता बीएफएचा, म्हणजे कलेच्या पदवीचा हट्ट. फाइन आर्ट आणि अप्लाइड आर्टमध्ये फरक काय, प्रिंटमेकिंग शिकून छापखान्यातच बसायचं का, आणि सायन्स आत्ताच सोडावं का, असं तुम्ही विचारलंय.

सायन्स सोडू नका. बीएफएला बारावी कुठल्याही शाखेची चालते.

अप्लाइडमध्ये काम दुसऱ्याच्या गरजेतून येतं. मसाल्याचं पाकीट, पुस्तकाचं मुखपृष्ठ, जाहिरात. ग्राहक असतो, मुदत असते. फाइन आर्टमध्ये, म्हणजे पेंटिंग किंवा शिल्पकलेत, विषय स्वतःच शोधावा लागतो. नोकरी अप्लाइडवाल्यांना लवकर लागते, हे खरं. पण तेवढ्यावरून शाखा ठरवू नका, चार वर्षं रोज तेच काम करायचं आहे.

प्रिंटमेकिंगबद्दल मात्र तुमचा गैरसमज झालाय. त्यात चित्राचा ठसा कलाकार स्वतः घडवतो आणि त्यावरून कागदावर छाप काढतो. लाकडावर चित्र कोरतात तेव्हा कोरून काढलेला भाग कागदावर कोरा राहतो आणि उरलेल्या उंचवट्याची शाई उमटते. एचिंगमध्ये तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर लेप देऊन सुईने रेघा ओढतात. पत्रा आम्लात ठेवला की रेघ उघडी पडलेली असते तिथलाच धातू खाल्ला जातो, मग शाई त्या खाचेत भरतात. छाप उलटी येते, म्हणून अक्षरं आधीच उलटी काढावी लागतात. खाली पेन्सिलीने ५/२० लिहिलेलं असेल तर ती वीसपैकी पाचवी प्रत. प्रत्येक प्रत मूळ कलाकृतीच धरतात, झेरॉक्स नव्हे.

हे सगळं पुस्तकातून पाठ करून घेऊ नका. तिला अजब बंगल्यात, म्हणजे आपल्या मध्यवर्ती संग्रहालयात न्या. दगडी मूर्तींपुढे एकच विचारा: हिची पाठ मागच्या दगडातच आहे, की चारही बाजू घडवल्यात? पहिलं उत्थित शिल्प, दुसरं पूर्णशिल्प. त्यातल्या एकीचं तिथेच बसून रेखाटन करू द्या. आपल्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात विद्यार्थ्यांचं प्रदर्शन लागलं की तेही दाखवा. तिथे ती कुठल्या कामापुढे रेंगाळते, ते तुम्ही बघा.

कलेच्या सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, वस्तुचित्र, संकल्पचित्र (डिझाइन), स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान असतं. इंटरमिजिएटमुळे वस्तुचित्राचा हात असेलच. स्मरणचित्रात बरीच मुलं अडकतात, तेव्हा रोज एक प्रसंग काढायला सांगा: बर्डीच्या बाजारातली गर्दी, बसस्टॉप, घरचं लग्न. महिनाभराची चित्रं साठली की मला पाठवा, शाखेचं तेव्हा बोलू.